काठी : उतार धरून ठेवणारे झुडूप



धावपट्टीकडून ज्युनियर हाउसकडे जाणारी पायवाट तुम्ही रोज तुडवता. त्या वाटेच्या वरच्या अंगाला मे-जून महिन्यांत गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेली झुडपे दिसतात. नव्या कॅडेटना वाटते, ती तिथे पहिल्यापासूनच असणार. तसे नाही. सहा वर्षांपूर्वी तो सगळा उतार उघडा होता. पावसाळ्यात रात्री माती वाटेवर उतरायची आणि सकाळी पीटीच्या आधी एक तुकडी फावडी घेऊन ती बाजूला काढायची. अशाच एका ऑगस्टमधल्या पहाटे उतार बराच खचला आणि वाटेचा लोखंडी कठडा घेऊन खाली गेला. अर्ध्या तासाने त्याच वाटेने सहावीची मुले पीटीला येणार होती.

त्यानंतर अभियंत्यांनी पायथ्याशी दगडी भिंत बांधली आणि वरून येणारे पाणी वळवायला चर खणला. मधल्या उघड्या मातीचे काम जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. तिथे आम्ही काय लावले, का लावले, कसे वाढवले आणि माझी कुठे चूक झाली, हा या पाठाचा विषय आहे.

झुडपाची ओळख

हिमाचलातले गावकरी या झुडपाला ‘काठी’ म्हणतात. गढवालकडे त्याला ‘साकिना’ हे नाव आहे. शास्त्रीय नाव इंडिगोफेरा हेटेरान्था. जुन्या पुस्तकांत ते इंडिगोफेरा जेरार्डियाना या नावाने सापडेल. पश्चिम हिमालयात साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीवर, मोकळ्या उतारांवर आणि विरळ जंगलाच्या कडेला ते आपोआप वाढते. उंची एक ते अडीच मीटर. बुंधा एक नसतो, जमिनीतूनच अनेक बारीक, लवचीक फांद्या निघतात. गावांत या फांद्यांच्या टोपल्या विणतात, आणि पाला शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात.

पाने संयुक्त असतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक, म्हणून पर्णिका मोजल्या तर संख्या विषम येते. भिंगाखाली पानावर बारीक पांढरी लव दिसेल. प्रत्येक केस मधोमध चिकटलेला आणि दोन्ही टोकांनी मोकळा असतो. या प्रजातीची ही खूण आहे.

इंडिगोफेरा म्हणजे नीळ देणारी. ज्या निळीच्या सक्तीच्या लागवडीमुळे गांधीजी १९१७ साली चंपारणला गेले, ती नीळ याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातीपासून काढत. आपली काठी रंगासाठी लावत नाहीत. तिचे काम वेगळे आहे.

हेच झुडूप का?

उघड्या उतारावर पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो, कण सुटे करतो आणि वाहते पाणी ते कण खाली नेते. झुडूप ही साखळी तीन ठिकाणी तोडते. पानोळा थेंबाचा जोर कमी करतो. खाली पडलेला पाला मातीवर गोधडीसारखा पसरतो. मुळे वरचा थर जाळ्यासारखा बांधून ठेवतात. शिवाय तीव्र उतारावर उंच, जड झाड वाऱ्यात हलते आणि स्वतःच्या वजनाने माती ओढते. अनेक बारीक फांद्यांचे झुडूप वाऱ्यापुढे वाकते आणि पुन्हा उभे राहते.

पण एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. झुडपाची मुळे वरचा सुमारे अर्धा-एक मीटर थर धरतात. खोलवरून सरकणारी दरड कोणतेही झुडूप थांबवू शकत नाही. तिथे पाण्याचा निचरा आणि भिंत हवीच. आमच्या वाटेवरही आधी भिंत आणि चर झाले, मग झुडपे आली. हा क्रम उलटा करून चालत नाही.

दुसरा प्रश्न असा की, लवकर वाढणारे परदेशी झाड का लावले नाही? डोंगर धरण्यासाठी इथे अनेक ठिकाणी उत्तर अमेरिकेतला रोबिनिया लावलेला आहे. तो वेगाने वाढतो हे खरे, पण मुळांतून फुटवे काढत पसरतो आणि त्याला काटे असतात. एकदा बसला की हटवणे अवघड. काठी इथलीच आहे. इथला बर्फ, इथला उन्हाळा आणि इथल्या मधमाश्या तिला ओळखीच्या आहेत.

उजाड डोंगर हिरवा करण्याच्या कामाला आपल्या सैन्यात परंपरा आहे. प्रादेशिक सेनेची १२७ वी इकॉलॉजिकल बटालियन १९८२ साली गढवाल रायफल्सच्या माजी सैनिकांतून उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर पांढरेफटक पडले होते. दून खोऱ्यातल्या अनेक खाणी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्या. खाण बंद केल्याने नुकसान थांबते, डोंगर मात्र आपोआप भरून येत नाही. ते काम या जवानांनी रोपे पाठीवर वाहून, खड्डे खणून आणि वर्षानुवर्षे राखण करून केले.

फुलाचा पाठ

वाटाण्याचे फूल तुम्ही पाहिले असेल. काठीचे फूल त्याच घडणीचे, पण लहान, आणि अनेक फुले एका तुऱ्यावर. पाकळ्या पाच. सर्वांत वरची मोठी पाकळी म्हणजे ध्वज, बाजूच्या दोन म्हणजे पंख, आणि खालच्या दोन जुळून झालेली नौका. ध्वज, पंख, नौका! सातवीच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, म्हणजे तिन्ही दले!” त्या वर्गातला एकही मुलगा हे उत्तर पुढे विसरला नाही.

नौकेच्या आत दहा पुंकेसर असतात. नऊ एकमेकांना जोडलेले आणि एक सुटा. आता प्रयोग करा. सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलाच्या नौकेवर गवताची काडी हलकेच दाबा. नौका झटकन खाली सुटते, आतला दांडा वर उसळतो आणि परागकण उडतात. मधमाशी बसली की हेच घडते आणि पराग तिच्या पोटाला लागतो. एकदा सुटलेली नौका पुन्हा मिटत नाही, त्यामुळे कोणत्या फुलाला माशी भेटून गेली ते नुसते पाहून सांगता येते. तुऱ्यावर खालची फुले आधी उमलतात आणि वरची नंतर.

मुळांवरच्या गाठी

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण वनस्पतीला तो तसाच वापरता येत नाही. वाटाण्याच्या कुळातल्या बहुतेक वनस्पतींनी यावर उपाय शोधला आहे. त्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. झाड जिवाणूंना साखर पुरवते आणि जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात. म्हणून वरची सुपीक माती वाहून गेलेल्या मुरमाड जागीही काठी तग धरते. तिचा पाला कुजतो तेव्हा मातीही हळूहळू सुधारते.

गाठ काम करते आहे की नाही हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. एखाद्या रोपाची गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. ब्लेड वापरताना शिक्षक जवळ हवेत.

बी आणि माझी चूक

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा तपकिरी होतात. बारीक, गोल, तीन-चार सेंटिमीटरच्या. त्या पूर्ण वाळून तडकण्याआधी तोडून कागदावर सावलीत पसरायच्या. काही दिवसांत त्या पिळवटून उघडतात आणि बी सुटते. एकाच झुडपाचे न घेता पुष्कळ झुडपांचे थोडे थोडे बी घ्यावे, आणि बरेचसे झाडावर राहू द्यावे. बी शक्यतो जवळच्याच, तेवढ्याच उंचीवरच्या उताराचे असावे.

पहिल्या वर्षी एवढे सगळे मी नीट केले. मार्चमध्ये तीनशे पिशव्या भरल्या, प्रत्येकीत दोन बिया टाकल्या आणि आठवीच्या एका तुकडीला पाणी घालण्याची पाळी लावून दिली. एप्रिल संपला तरी बोटांवर मोजण्याइतकीच रोपे वर आली. मी त्या तुकडीला सकाळच्या हजेरीत सर्वांसमोर उभे केले आणि म्हणालो, “पाणी घालायचे एवढे साधे काम तुम्हाला जमले नाही.” तुकडीचा नायक साताऱ्याकडचा मुलगा होता. तो म्हणाला, “सर, आम्ही रोज घातले.” मी म्हणालो, “सबबी नकोत.” तो गप्प बसला.

सुटीत मुले घरी गेल्यावर मी माती पुन्हा वापरण्यासाठी पिशव्या रिकाम्या केल्या. माती ओली होती. आत बिया सापडल्या, टाकल्या तशाच टणक आणि चकचकीत. नखाने दाबली तरी ओरखडा उठेना. त्याच संध्याकाळी घरात मोड आलेली मटकी निवडायला घेतली होती. रात्रभर भिजूनही चार दाणे खड्यासारखे राहतात, ते दाताखाली येऊ नयेत म्हणून बाजूला काढतात. तसला एक दाणा हातात घेतला आणि माझ्या लक्षात आले की माझ्या तीनशे पिशव्यांत असेच दाणे आहेत. पाणी घातले होते. पाणी आतच शिरले नव्हते.

या बियांचे कवच पाणी आत घेत नाही. झाडाच्या दृष्टीने ही शहाणपणाची योजना आहे. वळवाच्या एका सरीवर सगळ्या बिया उगवल्या आणि मग महिनाभर पाऊसच आला नाही, तर सगळी पिढी एकदम जाईल. म्हणून थोड्याच बिया पहिल्या वर्षी उगवतात, बाकीच्या राखीव दलासारख्या मातीत थांबतात. काळ, ऊन आणि थंडी कवच झिजवतात तशी एकेकीची पाळी येते. आपल्याला मात्र एकाच वेळी रोपे हवी असतात, म्हणून कवच आपण उघडायचे.

मी चार कुंड्या घेतल्या. पहिलीत बी तसेच पेरले, दुसरीत थंड पाण्यात भिजवून, तिसरीत गरम पाण्यात भिजवून आणि चौथीत पॉलिश कागदावर घासून. पहिल्या दोन कुंड्यांत मोजकेच कोंब आले. तिसरीत आणि चौथीत निम्म्याहून अधिक बी उगवले.

जुलैमध्ये शाळा भरली. त्याच हजेरीत, त्याच तुकडीला पुन्हा उभे करून मी सांगितले, “या मुलांनी रोज पाणी घातले होते. चूक शिक्षकाची होती. त्याने बी न तपासता मुलांना दोष दिला.” नंतर नायक माझ्याजवळ आला आणि एवढेच म्हणाला, “सर, पुन्हा कधी पेरायचे?”

रोपे कशी करावीत

१. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा आणि काही मिनिटे थांबा. मग ते बियांवर ओता. बी उकळू नका, नाहीतर मरेल. पाणी बियांच्या पाचपट तरी असावे.

२. त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेल्या बिया वेगळ्या काढून लगेच पेरा. न फुगलेल्यांना पुन्हा तसेच गरम पाणी द्या, किंवा पॉलिश कागदावर एका बाजूने हलके घासा.

३. पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत. त्यात जंगलातल्या काठीच्या मुळाजवळची ओंजळभर माती मिसळा. तिच्यातून रायझोबियम येतात.

४. बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरा, अधिक नको. पाणी झारीने घाला, पण चिखल होऊ देऊ नका.

५. युरिया घालू नका. आयता नायट्रोजन मिळाला की रोप गाठी कमी धरते, आणि उतारावर गेल्यावर उपाशी पडते.

आम्ही जुलैमध्ये पुन्हा पेरले आणि रोपे पुढच्या जुलैपर्यंत पिशवीत वाढवली. एक हिवाळा पाहिलेले रोप उतारावर चांगले टिकते. महिन्यातून एकदा पिशव्या उचलून जागा बदलावी, म्हणजे मुळे खालच्या जमिनीत घुसत नाहीत.

उतारावर लागवड

रांगा समपातळीत हव्यात. तिरकी रांग म्हणजे पाण्याला आयती वाट. समपातळी काढायला ए-फ्रेम पुरते. सारख्या लांबीचे दोन बांबू टोकाला बांधा, मध्ये आडवा बांबू बांधा आणि टोकापासून दोरीला दगड लटकवा. हा झाला गवंड्याचा ओळंबा. सपाट फरशीवर उभे करून दोरी आडव्या बांबूला जिथे टेकते तिथे खूण करा. उतारावर एक पाय रोवून दुसरा असा हलवा की दोरी खुणेवर येईल. दोन्ही पायांशी खुंट्या ठोका आणि पुढे चला. नववीच्या मुलांनी एका सकाळी सगळा उतार असा आखला.

रांगांत आणि रोपांत साधारण एक मीटर अंतर ठेवले. वरच्या रांगेतल्या दोन रोपांच्या मधोमध खालच्या रांगेतले रोप येईल असे. खड्डा वीतभर ते सव्वा वीत रुंद आणि तितकाच खोल. आधी असलेले गवत काढले नाही. फक्त खड्ड्यापुरते हटवले. रांगांच्या मध्ये वाळक्या फांद्या आडव्या रचून खुंट्यांनी अडवल्या, म्हणजे झुडपे मोठी होईपर्यंत माती तिथे थांबते. जोराचा पाऊस चालू असताना किंवा उतार पाण्याने फुगलेला असताना तिथे कोणालाही काम करू द्यायचे नाही, हा आमचा पक्का नियम आहे.

सांभाळ

पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून राखण हवी. आम्ही खालच्या गावातल्या बायकांशी बोललो. राखणीची तीन वर्षे झाल्यावर छाटणीचा पाला त्यांनी न्यावा, असे ठरले. त्यांनी शब्द पाळला आणि आम्हीही पाळला.

हिवाळ्यात काठीची पाने गळतात आणि फांद्या वाळल्यासारख्या दिसतात. पहिल्याच जानेवारीत सफाईच्या तुकडीने वळणाजवळच्या दोन रांगा ‘मेल्या’ म्हणून उपटल्या. मी आधी सांगायला हवे होते. आता प्रत्येक नव्या तुकडीला ही परीक्षा शिकवतो. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे असेल तर झुडूप जिवंत आहे, हात लावू नका.

तिसऱ्या वर्षापासून फेब्रुवारीच्या अखेरीस छाटणी. फुले नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून वीतभर उंचीवर कापले तरी उन्हाळ्यात झुडूप पुन्हा भरते. उतारावर मात्र सगळी एकाच वर्षी छाटू नयेत. दरवर्षी तिसरा हिस्सा कापावा, म्हणजे माती कधीच उघडी पडत नाही.

पालकांसाठी

डोंगरी भागात राहणाऱ्या पालकांनी काठी बागेत जरूर लावावी. ऊन आणि पाण्याचा निचरा एवढेच ती मागते. भिंतीच्या कडेला किंवा पायऱ्यांच्या बाजूला ती शोभते, आणि मधमाश्यांची ये-जा सुरू होते.

पुणे, नाशिक किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र हे झुडूप नेऊ नका. तिथे तिथलेच निवडा. सांगली-साताऱ्याकडच्या पानमळ्यांत वेलीला आधार देणारी शेवरी याच कुळातली आहे. तिलाही ध्वज, पंख आणि नौका असलेली पिवळी फुले येतात, आणि मुळांवर गाठी असतात. बांधावर लावलेले गिरीपुष्प खताला उपयोगी आहे, पण ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. नियम तोच. आधी आपल्या शिवारात, आपल्या उतारावर काय आपोआप टिकले आहे ते पाहा, आणि बी तिथूनच घ्या.

करून पाहा

१. एका तुऱ्यावरची किती फुले सुटलेली आणि किती न सुटलेली आहेत ते मोजा. सकाळी आणि संध्याकाळी आकडे वेगळे का येतात?

२. घरी मटकीचे शंभर दाणे भिजवा. न फुगलेले मोजा. त्यांना गरम पाणी देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

३. ए-फ्रेम तयार करा आणि मैदानाच्या कडेच्या उतारावर दहा खुंट्यांची समपातळी रेषा काढा.

४. पायवाटेवर उभे राहून शोधा : वरच्या उतारावर माती अजून कुठे सरकते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मी सांगून टाकतो. वळणाजवळ, जिथल्या दोन रांगा उपटल्या गेल्या होत्या तिथे. गेल्या पावसाळ्यात फावडी घेऊन तुकडी एकदाच बोलवावी लागली, ती तिथेच. बाकीच्या उतारावर झुडपांच्या सावलीत आता बान ओकची रोपे आपोआप उगवली आहेत. ती आम्ही लावलेली नाहीत. काठीने जमीन तयार केली, म्हणून ती आली.

आठवीची ती तुकडी गेल्या वर्षी शाळेतून बाहेर पडली. वळणाजवळच्या दोन रांगा यंदाच्या आठवीने भरायच्या आहेत. नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारी शेंगा तोडायला निघू. कागदी पिशव्या आणा. उगवण झाली नाही, तर आधी बी तपासू आणि मगच कोणाला बोलू.